खालमुंडी

सोमवारी सकाळी बसथांब्यावर उभी असताना धाकटीला काहीतरी खुपलं. आधी वाटलं, चपलेत खडा गेलाय. एका पायावर उभं राहून तिनं चप्पल झटकली, खडा नव्हता. मग वाटलं, घरी गॅस चालू राहिला. पण नवरा घरी होता, आणि निवृत्त झाल्यापासून गॅस बंद आहे की नाही हे दिवसातून चार वेळा बघणं हेच त्याचं काम झालं होतं. खुपणं काही जाईना. थांब्याच्या काचेच्या चौकटीत नवीन जाहिरात लागली होती. तिच्यावर माणसाएवढं एक फूल होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: डोंगरातली रानफुलं आपलीच आहेत, ओळखा, जपा. फूल घंटेच्या आकाराचं, सायीच्या रंगाचं, कडांना किंचित हिरवी झाक. तोंड आभाळाकडे करून ते पेल्यासारखं उभं होतं. धाकटीनं मान उजवीकडे कलती केली, मग आणखी कलती केली. शेजारचा गृहस्थ जरा सरकून उभा राहिला. बस आली, दार उघडलं, मिटलं, बस गेली, आणि ती तिथंच, कान खांद्याला टेकवून. फूल उलटं लावलं होतं. वरची कवळी खालच्या जबड्यात बसवावी तसं.

कवळीच आठवावी यात नवल नव्हतं. तीस वर्षं ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, आणि ती त्यांवर मेणात एकेक दात बसवायची. छटा जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पांढरा असा काही रंगच नसतो, असं ती नव्यानं कामाला लागलेल्यांना सांगे; काही पांढरे उन्हातले असतात, काही चहा प्यालेले, काही नुसतेच थकलेले. वय छप्पन्न, नात शाळेत जायला लागलेली, तरी माहेरी ती धाकटीच होती आणि नवऱ्यानं ते नाव माहेराहून आणलेल्या पेटीसारखं जसंच्या तसं घरात ठेवून घेतलं होतं. त्या दिवशी ती लॅबमध्ये उशिरा पोचली. हात चालत होते, पण मन थांब्यावरच होतं. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या प्लास्टरवाल्यानं तिच्या हातातला साचा उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "ताई, हा माणूस हसला तर घास कानात जाईल." तिनं पाहिलं, खरंच एक दाढ तिरकी बसली होती. तिनं मेण तापवलं, दाढ काढली, आणि मेणाचा तो कोमट वास नाकात शिरताच तिला एकदम ओल्या शेवाळाचा वास आला. दोन वासांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण आठवण काही संबंध विचारून येत नाही.

गावात त्या फुलाला खालमुंडी म्हणत. पुस्तकातलं नाव दुसरं असेल. घरांच्या वर जंगल सुरू व्हायचं, जंगलात एक उतार होता, उतारावर पाणी झिरपणारा कातळ, आणि कातळाच्या पोटाशी, गुडघाभर उंचीवरच्या फटींत, थंडी सरता सरता तीन आठवडे, खालमुंडी फुलायची. वरून पाहिलं तर बोटभर देठावर एक फिकट टोपी उलटी घातल्यासारखी दिसे, बस. धाकटी सहा-सात वर्षांची असेल, आई सरपण आणायला निघाली की तिच्या मागे मागे जायची. एके दिवशी आईनं डोक्यावरची मोळी उतरवली, इकडे तिकडे पाहिलं, आणि सरळ शेवाळावर उताणी झोपली. मोठं माणूस असं जमिनीवर आडवं झालेलं धाकटीनं तोवर फक्त आजारपणात पाहिलं होतं. ती घाबरली. "ये की," आई म्हणाली, "माझ्या बाजूला झोप." धाकटी झोपली. पाठ गार पडली. आणि वर, नाकापासून वीतभर अंतरावर, फुलाचं आतलं तोंड उघडं होतं: आत जांभळ्या ठिपक्यांच्या ओळी, ठिपके मध्याकडे जात जात बारीक झालेले, आणि पार आत एक पिवळा उजेड, जसा दार लोटलेल्या घरात असतो. एक भुंगा आला, आत शिरला, आणि सगळं फूल गुणगुणायला लागलं. "हिचं तोंड बघायचं तर आपण खाली जायचं," आई म्हणाली. "ती वर बघणार नाही." "का?" "तिला काय पडलीय?" दोघी किती वेळ पडून होत्या कुणास ठाऊक. परत येताना आईच्या पाठीवर पाचोळा चिकटला होता आणि तिनं तो झटकला नाही.

धाकटी फार बोलत नसे. मान खाली घालून चालायची. काकू तिला बघून म्हणायची, "खालमुंडी, पाताळधुंडी." वरून गरीब, आतून पोचलेली, असा त्याचा अर्थ. आई हसून म्हणायची, "धुंडू दे की. पाताळाची चौकशी करायला तरी कोण जातंय?" आणि अशी ही न बोलणारी मुलगी एकदाच बोलली. दहा वर्षांची होती. शाळेत नवे गुरुजी आले होते, उत्साही, गोरेपान, खिशाला दोन पेनं लावणारे. त्यांनी विचारलं, कुणी पाहिलं नसेल असं काही तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? धाकटीचा हात आपोआप वर गेला. हात वर गेल्यावर तिनं त्याच्याकडे दुसऱ्याचा हात असावा तसं पाहिलं. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरं रांगेनं उतारावर गेली. सगळ्यांच्या पुढे धाकटी, गुरुजींचं बोट धरून. तिनं नुसतं बोट दाखवलं, आणि पोरं धावली. फुलं हातांत गेली, टोप्यांत गेली, एकमेकांना फेकून मारली गेली. गुरुजी ओरडले, "मुळासकट काढा रे, शाळेच्या बागेत लावू." चाकूनं शेवाळ खरवडून कंद काढले. बागेत ते चार दिवसांत कुजले. पुढच्या वर्षी कातळाच्या पोटाशी काही उगवलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आई उतारावरून मोळी घेऊन आली की धाकटी तिच्या तोंडाकडे बघायची. आई काही बोलायची नाही. धाकटीही कधी बोलली नाही. पुढे शहर आलं, लॅब आली, लग्न, लेक, नात. आई जाऊनही बारा वर्षं झाली. ती गोष्ट मात्र अक्कलदाढेसारखी आडवी, आतल्या आत, हिरडीखाली राहून गेली.

जाहिरातीखाली वनखात्याचा फोन नंबर होता. मंगळवारी सकाळी तिनं तो हातावर लिहून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लावला. एक तरुण बाई बोलली. धाकटीनं घसा साफ केला आणि म्हणाली, "तुमचं फूल उलटं लागलंय."

"कुठलं फूल?"

"थांब्यावरचं. ते खाली तोंड करून लोंबतं. वर नाही बघत."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला, मग कुणाशी तरी कुजबुज. बाई परत आली तेव्हा तिच्या आवाजात हसू होतं. "ताई, तुमचं बरोबर आहे. जाहिरात बनवणाऱ्यांना ते उदास दिसलं म्हणून त्यांनी फिरवलं. दोन महिने झाले, शहरात एकेका थांब्यावर लागतंय, आणि सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. आमच्यातल्याही कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय ते?" धाकटी हो म्हणाली. "कुठं?" धाकटीच्या तोंडून गावाचं नाव निघून गेलं. निघताच तिला दहाव्या वर्षीचा तो हात दिसला, दप्तरांच्या वर एकटा उभा राहिलेला, आणि तिनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. गुरुजींचं सोडून. तो शेंगा सोलत होता. "मग अडचण काय?" तो म्हणाला. "सांगितलंस, बरं केलंस."

"सांगितलं की लोक येतात."

"लोक कुठंही येतात, अगं. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरही येतात. तिथं कुठं फूल आहे?" मग तिचा चेहरा बघून त्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. "तुला नेमकं काय टोचतंय?" ते तिला सांगता आलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याला सांगितलं नाही असं फार थोडं होतं, आणि जे होतं ते याच एका उतारावर होतं.

शुक्रवारी बाईचा फोन आला. ती अधिकारी होती, तिच्याकडे डोंगरातल्या रानफुलांची नोंद ठेवायचं काम होतं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. गावाच्या वरच्या जंगलातून मोठा रस्ता जाणार होता. तीन आठवड्यांनी झाडांवर खुणा मारायला माणसं जाणार होती. हे फूल आता साऱ्या डोंगररांगेत दोनच जागी उरलंय, तिसरी जागा सापडली तर रस्ता ओढ्याच्या खालून वळवता येईल, पण नोंद पाहिजे, फोटो पाहिजे.

"तिथं आता नाहीये," धाकटी म्हणाली.

"खात्री आहे?"

"आहे."

"ताई, मी परवा तुमच्या गावात जाऊन आले. तुमचा नंबर दाखवून विचारत तुमच्या भावाला भेटले. ते म्हणाले, असलं काही इथं उगवत नाही. पण एक सांगू? गावात बाकी सगळ्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तुमच्या भावानं दारातूनच वाटेला लावलं. एवढं कोरडं माणूस उगाच वागत नाही."

धाकटीनं त्याच मिनिटाला भावाला फोन लावला. तो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, आयुष्यभर लाकडाच्या वखारीत काम केलेला, फोनवर बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. "दादा," ती म्हणाली, "खालमुंडी आहे का रे?" पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "फोनवर नको. ये."

रविवारी सकाळी ती गावात उतरली. अधिकारी बाई दुपारी जीपनं येणार होती. धाकटीनं तिला तेवढंच सांगितलं होतं की घरापाशी थांबा, मी काही सांगत नाही तोवर वर येऊ नका. वहिनीनं पुढ्यात ठेवलेला चहा अर्धा राहिला, कारण दादा काठी घेऊन आधीच अंगणात उभा होता. दोघं जंगलात शिरली. दादा पुढे, ती मागे, लहानपणी चालायची तशीच, खाली बघत. जुना उतार आला. कातळ होता, पाणी झिरपत होतं, शेवाळ पुन्हा धरलं होतं, फूल नव्हतं. ती थांबली. तिला वाटलं, आता नाही बोलले तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

"दादा, गुरुजींना ही जागा मी दाखवली होती."

"माहितीय," दादा न वळता म्हणाला.

"तुला?"

"गावाला. चाळीस पोरं हातात फुलं घेऊन घराघरांत शिरली, धाकटे. ते काय झाकून राहतं? आईनं त्याच दिवशी मला विचारलं, मी सांगितलं."

धाकटी कातळाला टेकून बसली. इतकी वर्षं आईच्या तोंडाकडे चोरून बघणारी ती, आणि आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक. वेणी घालणारी आई, शहरात निघताना पेटी भरून देणारी आई, शेवटच्या आजारात तिचा हात हातात धरून पडून राहिलेली आई. त्या सगळ्या दिवसांच्या आतून कुणीतरी दिवा फिरवत गेलं. "मग ती बोलली का नाही कधी?"

"काय बोलायचं? तू महिनाभर जेवत नव्हतीस. आई म्हणाली, पोरीला जेवढं कळायला हवं तेवढं कळलंय." दादानं काठीनं पाचोळा बाजूला केला. "चल, अजून जायचंय."

ओढा ओलांडून पलीकडे एक घळ होती. धाकटी तिथं कधी गेली नव्हती, त्या बाजूला जायला लहानपणी बंदी होती. घळ अरुंद, दोन्ही बाजूंनी ओला कातळ, वर झाडांचं छप्पर. डोळे त्या उजेडाला सरावले, आणि मग तिला दिसल्या. एक, चार, मग मोजता येणार नाहीत इतक्या फिकट टोप्या, सगळ्यांच्या माना खाली. दादा खाकरला. त्यानं जे सांगितलं ते थांबत थांबत, वाळकं लाकूड फोडावं तसं. जुन्या उतारावर चाकूतून सुटलेले दोन कंद आईला सापडले होते. तिनं ते पदरात बांधून इथं आणले. एक गेला. दुसऱ्याला पाच वर्षं फूल आलं नाही. मग आलं. मग बी पडलं. आई दर वर्षी एकटी यायची. शेवटी गुडघे गेले तेव्हा तिनं दादाला जागा दाखवली आणि बजावलं, कुणाला सांगू नको, धाकटीला तर नकोच.

"मलाच का नको?" धाकटीनं विचारलं.

"तुझ्या पोटात राहणार नाही म्हणून नव्हे. ती म्हणाली, एकदा तिनं ओझं उचललंय, पुन्हा तिच्या डोक्यावर राखण नको." दादा तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघत होता. "मी आज तो शब्द मोडला. रस्त्याचं कळल्यापासून मला झोप नाही. रस्ता याच घळीवरून आखलाय. खात्याला सांगितलं तर रस्ता वळेल, पण मग माणसं येतील. रस्ता एकदाच कापतो, धाकटे, माणसं रोज तुडवतात. मला काही ठरवता येईना. आता तू ठरव."

खालून जीपचा हॉर्न ऐकू आला, लांबून, शहाण्या जनावरासारखा एकदाच. धाकटीला वाटलं, आता तोच हात पुन्हा वर जाईल. तसं काही झालं नाही. ती आधी शेवाळावर खाली बसली, मग हळूच आडवी झाली. पाठ गार पडली. जांभळे ठिपके तिथंच होते, ओळीनं, आत आत बारीक होत गेलेले, आणि तीस वर्षं तिनं दातांच्या डब्यांत, छटांच्या पट्ट्यांवर, उजेडात धरून शोधलेली सायीची ती छटा तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर हलत होती. तिला समजलं की आईची ही जागा बघताना आपल्याला आनंद होतोय, आणि तो नुसता आनंद आहे, त्याला कसली किनार नाही.

"दादा," ती पडल्या पडल्या म्हणाली, "तेव्हा मी काय चुकले माहितीय? जागा सांगितली ते नाही. मी नुसतं बोट दाखवलं. चाळीसातल्या एकालाही खाली झोपून बघ म्हणाले नाही. गुरुजींनाही नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी फुलाची पाठ तोडून नेली. तोंड कुणी बघितलंच नव्हतं."

दादानं काठी कातळाला टेकवून ठेवली, गुडघ्यावर हात देत कण्हत खाली बसला आणि तिच्या शेजारी आडवा झाला. वर्षानुवर्षं राखण करणाऱ्या त्या माणसानंही, हे तिला तेव्हा उमगलं, फुलं वरूनच मोजली होती. तो फुलाच्या आत बघत राहिला. मग म्हणाला, "च्यायला." एवढंच, आणि हलक्या आवाजात.

धाकटी खाली गेली आणि बाईला घेऊन आली. बाई गणवेशात होती, गळ्यात कॅमेरा, पायांत नवे बूट. धाकटीनं तिला घळीच्या तोंडाशी बूट काढायला लावले. "फोटो नंतर," ती म्हणाली. "आधी इथं झोपा." बाईनं एकदा दादाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, आणि ती झोपली. कॅमेरा तिच्या पोटावर श्वासाबरोबर वर-खाली होत राहिला. तो तिनं बऱ्याच वेळानं उचलला. जाताना दादानं तिला विचारलं, "बाई, पाणी घेणार?" आणि धाकटी दुसरीकडे बघून हसली.

रात्री शहरात परतल्यावर तिनं नवऱ्याला गुरुजींची गोष्ट सांगितली, चाकूसकट. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे हे सगळं मनात घेऊन तू माझ्याशी लग्न केलंस?" आणि तिच्या ताटात स्वतःच्या हातानं भात वाढला.

रस्ता वळला. लगेच नाही, कागद वर गेले, खाली आले, मधे एकदा हरवले, बाईनं पाठ सोडली नाही. दुसऱ्या वर्षी घळीत जमिनीपासून हातभर उंच अशी फळ्यांची वाट झाली आणि वाटेच्या शेवटी, फुलांच्या खालच्या अंगाला, झोपण्यापुरता लाकडी ओटा. एका वेळी दहाच माणसं. बूट बाहेर. राखणदार म्हणून खात्यानं दादाला नेमलं, डोक्यावर टोपी दिली, आणि वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या टोपीनं त्याचं उरलंसुरलं डोकं फिरवलं. फळीबाहेर कुणाचं पाऊल पडलं की तो काही न बोलता त्या पावलाकडे नुसता बघे, आणि पाऊल आपोआप आत येई. धाकटी दर वर्षी ते तीन आठवडे लॅबमधून सुट्टी घेऊन गावी येऊ लागली. येणाऱ्यांना आडवं व्हायला शिकवायचं हे तिचं काम. लोकांना वाटतं ते सोपं आहे. परक्या माणसांच्या शेजारी, आकाशाखाली, काही दुखत नसताना उताणं पडणं मोठ्या माणसांना किती जड जातं, हे तिनं तिथं पाहिलं. आधी हसतात, कपडे सावरतात, मोबाइल शोधतात. मग एकेक करून गप्प होतात. न बोलणाऱ्या धाकटीला आता दिवसाला शंभर वाक्यं बोलावी लागत, आणि संध्याकाळी घसा बसला की दादा म्हणे, "पाताळधुंडी दमली वाटतं."

तिसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, दहा जणांच्या एका तुकडीत एक बाई आली होती. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, कुणाबरोबर नव्हती. शहरातल्या रुग्णालयात नर्स आहे, लागोपाठ पाळ्या करून थेट आलेय, एवढंच तिनं धाकटीला सांगितलं. ती आडवी झाली, फुलाकडे बघितलं, ओठ किंचित उघडले, आणि पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली. बाकीचे नऊ जण उठले, तिला ओलांडून हळूच निघून गेले. पुढची तुकडी वाटेच्या तोंडाशी येऊन उभी होती, बूट काढून, मोज्यांत. दादा लगबगीनं आला, घड्याळाकडे बघत. एका तुकडीला वीस मिनिटं, हा त्याचा नियम, आणि तो नियम त्यानं अधिकारी बाईसाठीही मोडला नव्हता. त्यानं झोपलेल्या बाईकडे पाहिलं. तिचा एक हात पिशवीवर होता, दुसरा तळवा वर करून फळीवर पडलेला. तिच्या तोंडाच्या बरोबर वर एक फूल होतं आणि त्यात भुंगा शिरलेला होता.

"हिला उठवू?" दादानं ओठ हलवून विचारलं.

धाकटीनं मानेनंच नको म्हटलं. दादानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग तो वाटेच्या तोंडाशी गेला आणि जमलेल्यांना, खालच्या आवाजात, कानापाशी जाऊन जाऊन, काहीतरी सांगू लागला. आजोबा होते, शाळेतल्या दोन मुली होत्या, एक लठ्ठ गृहस्थ होता ज्यानं मघाशी उशीर होतोय म्हणून कुरकुर केली होती. कुरकुर थांबली. मुलींनी तोंडावर हात ठेवले. लठ्ठ गृहस्थानं खिशातला मोबाइल काढून त्याचा आवाज बंद केला, आणि तो सावकाश, फळी वाजणार नाही अशा बेतानं, खाली बसला. त्याचं बघून सगळे बसले. पाणी झिरपत राहिलं. अनोळखी दहा माणसं, मोज्यांतले पाय जवळ घेऊन, एका अनोळखी बाईची झोप पुरी व्हायची वाट बघत, त्या हिरव्या उजेडात गप्प बसून राहिली, आणि कुणालाही कुठं जायची घाई नव्हती.